ईस्टर आणि राहून गेलेले अंत्यविधी

कोरोनाच्या दोन वर्षांतल्या ईस्टरबद्दल आपल्याकडे जे काही बोलले-लिहिले गेले, ते बहुतेक सगळे चर्चच्या बंद दारांबद्दल होते. ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा, मरणातून पुन्हा उठण्याचा सण. २०२० चा ईस्टर १२ एप्रिलला, टाळेबंदीच्या एकोणिसाव्या दिवशी आला. २०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला आला तेव्हा दारे जेमतेम किलकिली झाली होती. त्याच रविवारी राज्य मंत्रिमंडळाने नवे निर्बंध जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून ती पुन्हा लागली. मधल्या काळात देवळे, मशिदी, चर्च कधी उघडायची यावर राजकारण पेटले. दारूची दुकाने चालतात मग देवाचीच दारे बंद का, असे सवाल झाले. राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तुम्ही एकाएकी सेक्युलर कसे झालात, अशा अर्थाची विचारणा केली. आमच्या वसईतही मोबाइलवरची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की हीच चर्चा सुरू व्हायची. विश्वास ठेवणाऱ्याने घाबरून घरात बसायचे असते का?

तो सगळा वाद चुकीच्या दारापाशी घातला गेला, असे माझे मत आहे. ईस्टरच्या श्रद्धेची परीक्षा त्या दोन वर्षांत झाली खरी, पण ती दफनभूमीच्या फाटकावर झाली. आणि तिथे आम्ही ख्रिस्ती मंडळी काही ठिकाणी उत्तीर्ण झालो, तर काही ठिकाणी सपशेल नापास.

चर्च बंद ठेवणे योग्य होते, हे आधी एकदाचे सांगून टाकतो. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजणाऱ्या रिकाम्या सेंट पीटर चौकात एकटे उभे राहिले, ते दृश्य बहुतेकांना आठवत असेल. त्या दिवशी तिथे जो लाकडी क्रूस आणून ठेवला होता तो रोममधल्या सान मार्चेल्लो चर्चमधला. १५१९ मध्ये ते चर्च जळाले तेव्हा हा क्रूस वाचला. १५२२ मध्ये रोममध्ये प्लेग आला, तेव्हा लोकांनी तो खांद्यावर घेऊन शहरभर मिरवणूक काढली. ती बरेच दिवस चालली. संसर्ग पसरेल म्हणून कारभाऱ्यांनी ती अडवायचा प्रयत्न केला आणि लोकांनी जुमानले नाही, असे सांगतात. तोच क्रूस पाचशे वर्षांनी पुन्हा बाहेर आला, पण या वेळी त्याच्यासमोर माणूस नव्हता. मला यात श्रद्धा कमी झाल्याचे काही दिसत नाही. रोग कसा पसरतो हे मधल्या काळात कळले, आणि कळूनही न कळल्यासारखे वागणे ही काही भक्ती नव्हे. मार्टिन ल्यूथरने हेच १५२७ मध्ये विटेनबर्गच्या प्लेगच्या वेळी लिहून ठेवले आहे. औषध घ्यावे, घर धुरी देऊन स्वच्छ करावे, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊन दुसऱ्याच्या मरणाला कारण होऊ नये. मात्र शेजाऱ्याला गरज पडली तर मागे हटू नये. प्रॉटेस्टंटांच्या आद्य गुरूचा हा सल्ला अमेरिकेतल्या कित्येक पास्टरांना २०२० मध्ये ठाऊक नसावा. सरकारने गर्दीवर बंधने घातली म्हणून काही जण थेट कोर्टात गेले.

आपल्याकडे कोर्टकचेरी फारशी झाली नाही, पण व्हॉट्सॲपवर बायबलमधले स्तोत्र ९१ धो धो वाहत होते. तुझ्याजवळ व्याधी येणार नाही, हजारो तुझ्या बाजूला पडतील पण तुला काही होणार नाही, असे त्यात आहे. ज्यांच्या घरात तेव्हा माणूस ऑक्सिजनवर होता त्यांनी ते वाचून काय समजायचे? आपला विश्वास कमी पडला? शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, या स्तोत्राचा आधार घेऊन येशूला गळ घालणारा कोण आहे, हे पाठवणाऱ्यांनी बघायला हवे होते. मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देवदूत तुला झेलतील, असे त्या स्तोत्रातले वचन काढून सांगणारा सैतान आहे. येशू उडी मारत नाही. आणि ही महामारी म्हणजे पापाची शिक्षा असे प्रवचन झोडणाऱ्यांसाठी शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट आहे. बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असे येशू विचारतो आणि नाही म्हणून स्वतःच उत्तर देतो. दोन हजार वर्षांपूर्वी निकालात निघालेला प्रश्न आपण पुन्हा उकरत बसलो होतो.

दुसरीकडे एक वेगळा संदेश फिरत होता. देव देवळात नाही, चर्चमध्ये नाही, तो पांढरा कोट घालून इस्पितळात उभा आहे. संकट आले तेव्हा धर्माची दारे बंद झाली आणि विज्ञानाची उघडी राहिली. यातला निम्मा भाग मला पूर्ण मान्य आहे. जीव वाचवले ते ऑक्सिजनने, परिचारिकांनी आणि पुढे लशींनी. पण हा संदेश जिवंतांपाशी येऊन थांबतो. लस जिवंतांना मिळते. जे गेले त्यांचे काय करायचे, त्यांचा देह कोणाचा, त्यांचे नाव कोणी उच्चारायचे, त्यांच्या मरणाचा जाब कोणी विचारायचा, याचे उत्तर इस्पितळाने द्यावे अशी अपेक्षाच चूक आहे. ईस्टरचा दावा नेमका इथे सुरू होतो. तो खरा की खोटा यावर ज्याला वाद घालायचा त्याने घालावा, पण तो मेलेल्यांबद्दलचा दावा आहे, हे विसरू नये. सगळे ठीक होईल, वाईट दिवस जातील, असला धीर द्यायला पुनरुत्थानाची गरज नाही. तेवढे कॅलेंडरही सांगते. त्या वर्षीच्या ईस्टर संदेशात खुद्द पोप म्हणाले होते की पुनरुत्थान म्हणजे अडचणी गायब करणारा जादूचा मंत्र नव्हे, ते दुःखाला आणि मरणाला वळसा घालून जात नाही, त्यांच्यामधून जाते.

पहिला ईस्टरसुद्धा टाळेबंदीतच झाला होता, शिष्य घाबरून दारे लावून बसले होते, हे वाक्य त्या वर्षी प्रत्येक प्रवचनात ऐकले. वाक्य बरोबर आहे. पण त्या दाराआड बसलेल्या पुरुषांपेक्षा पहाटे घराबाहेर पडलेल्या बायका मला जास्त महत्त्वाच्या वाटतात, आणि त्या कशासाठी निघाल्या होत्या ते आपण नीट वाचत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात क्रम असा आहे. शुक्रवारी दुपारी येशूचा जीव जातो. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागणार, मग कशालाच हात लावता येणार नाही. अरिमथाईकर योसेफ धीर करून रोमन सुभेदार पिलाताकडे जातो आणि देह मागतो. सरकारने मारलेल्या माणसाचा देह सरकारकडे मागायला जाणे, हे धैर्य मार्कने मुद्दाम नोंदवले आहे. परवानगी मिळते, पण वेळ हातात नाही. घाईघाईत तागाच्या कापडात गुंडाळून देह कबरेत ठेवतात आणि धोंड लोटतात. योहानाच्या सांगण्याप्रमाणे निकदेमाने सुगंधी द्रव्ये आणून सगळे रीतीने केले होते. मार्कच्या आणि लूकच्या सांगण्याप्रमाणे मात्र काम अपुरे राहिले होते. म्हणून शब्बाथ संपताच येशूची शिष्या मग्दालीया मरीया आणि तिच्याबरोबरच्या बायका सुगंधी द्रव्ये विकत घेतात आणि रविवारी उजाडता उजाडता निघतात. वाटेत त्यांना चिंता एकच, ती धोंड कोण सरकवणार.

म्हणजे ईस्टरची पहाट सुरू होते ती राहून गेलेला अंत्यविधी पुरा करायला निघालेल्या बायकांपासून. त्यांना पुनरुत्थानाची अपेक्षा नव्हती. आशा वगैरे मनात घेऊन त्या निघाल्याच नव्हत्या. आपल्या माणसाला धड निरोप देता आला नाही, एवढी एकच बोच होती. आणि रिकामी कबर पाहिल्यावर त्या आनंदाने नाचल्या, असेही मार्क म्हणत नाही. त्या थरथर कापत पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान इथेच संपते. पुढचा गोड शेवट नंतर जोडलेला आहे.

महामारीत ज्यांनी माणसे गमावली, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्या लाटेत आमच्या गावातल्या एका मावशींची माती मी फाटकाबाहेरून पाहिली. एरवी गावात मयत झाली की चर्चची घंटा वाजते, अख्खी आळी गोळा होते, गाणी म्हणत पेटी चर्चमध्ये आणि तिथून दफनभूमीत जाते. त्या दिवशी रुग्णवाहिका थेट फाटकातून आत गेली. निळ्या किटमधल्या चौघांनी पिशवी उतरवली. फादर वीस-पंचवीस फुटांवर मास्क आणि वर प्लास्टिकचा पडदा लावून उभे होते. वाऱ्याने प्रार्थनेचे निम्मे शब्द आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. मुलगा म्हणाला, "फादर, तोंड तरी बघू द्या एकदा." फादरांनी किटवाल्यांकडे पाहिले. त्यातला एक म्हणाला, "चेन उघडायची ऑर्डर नाय, साहेब." मुलाने फाटकाशीच वाकून मूठभर माती उचलली. ती टाकायची कुठे हे त्याला कळेना. शेवटी त्याने ती रुमालात बांधून खिशात ठेवली. पंधरा मिनिटांत सगळे आटोपले, आणि भिंतीच्या कडेला चार निळे किट पडून राहिले.

आता यातली खरी गोष्ट अशी की चेन उघडायची मुभा होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० लाच मृतदेहांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. कर्मचाऱ्याने पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवावा, देहाला स्पर्श न करता होणारे धर्मविधी, पवित्र पाणी शिंपडणे वगैरे करू द्यावे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. आंघोळ घालणे, चुंबन, मिठी यांना मनाई होती. म्हणजे निरोपाची वाट अरुंद होती, पण होती. ती गावोगाव बंद झाली ती विज्ञानामुळे नव्हे. भीतीमुळे, आळसामुळे, आणि कागद कोणी वाचला नाही म्हणून. मला इथे चर्चचा राग येतो. प्रत्येक धर्मप्रांतात, म्हणजे बिशपच्या हद्दीत, शिकलेले धर्मगुरू आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत. मिस्सा थेट प्रक्षेपित करण्यासाठी कॅमेरे, तिवई, नेट यांची सोय पंधरवड्यात झाली. तो दोन-चार पानांचा कागद मराठीत करून प्रत्येक दफनभूमीच्या फाटकावर चिकटवावा, हे किती ठिकाणी सुचले?

३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले की कोविडने मेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच होईल. ते त्याच दिवशी मागे घ्यावे लागले आणि मोठ्या जागेत दफनाला मुभा मिळाली. मग वांद्र्याच्या कबरस्तानात कोविड मृतांचे दफन नको, म्हणून काही रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी न्यायालयाने ती मागणी फेटाळली. मृतदेहातून रोग पसरल्याचा शास्त्रीय पुरावा नाही आणि सन्मानाने दफन होणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. कज्जा मुस्लिम कबरस्तानाचा होता. पण त्या निकालाने मुंबईतल्या प्रत्येक ख्रिस्ती दफनभूमीचेही रक्षण झाले, याची जाहीर कृतज्ञता आमच्याकडून फारशी ऐकली नाही.

त्याच वांद्र्यात गल्लोगल्ली जे जुने क्रूस दिसतात, त्यांतले कितीतरी १८९६ नंतरच्या प्लेगमधले आहेत. गावठाणातल्या लोकांनी चौकात क्रूस उभारले आणि संध्याकाळी तिथे जमून प्रार्थना केली. आज मे महिन्यात तिथे फुले वाहून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटली जाते तेव्हा ते प्लेगचे क्रूस आहेत हे निम्म्यांना माहीत नसते. प्लेगच्या त्याच वर्षांतली एक वेगळ्या तऱ्हेची ख्रिस्ती श्रद्धा केडगावच्या पंडिता रमाबाईंची. पुण्यात प्लेगच्या नावाखाली जे चालले होते, विशेषतः सरकारी प्लेग इस्पितळात बायकांची जी हेळसांड होत होती, त्यावर १८९७ मध्ये पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. सरकार ख्रिस्ती, रमाबाई ख्रिस्ती, त्यांच्या कामाला मदत करणारे पुष्कळसे परदेशी ख्रिस्ती. गप्प बसण्याची सगळी कारणे हाताशी होती. त्यांनी पत्र लिहिले आणि प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेले. माझ्या लेखी ते पत्र चौकातल्या क्रुसाइतकेच भक्तीचे आहे, आणि २०२१ मध्ये आपल्याकडे क्रूस पुष्कळ होते, पत्रे कमी.

नापास झालो म्हणालो, त्याचा पुरावा द्यायला हवा. मेघालय हे ख्रिस्ती बहुसंख्य राज्य. तिथला पहिला कोविड मृत्यू १५ एप्रिल २०२० रोजी झाला, ईस्टरनंतर अवघ्या तिसऱ्या दिवशी. गेलेले गृहस्थ शिलाँगमधल्या एका इस्पितळाचे संस्थापक डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली कितीजण बरे झाले असतील याची गणती नाही. त्यांच्या देहाला एका ठिकाणी दफनाला विरोध झाला, दुसऱ्या ठिकाणी दहनाला. दीड दिवस तो देह जागा शोधत होता. अखेर एका प्रेस्बिटेरियन मंडळीने आपल्या दफनभूमीत जागा दिली. विरोध करणारे कोण होते, याचा हिशेब मी मांडत नाही. पण तीन दिवसांपूर्वी 'मरणा, तुझी नांगी कुठे' म्हणून गायलेल्या लोकांच्या मुलखात हे झाले.

चार दिवसांनी, ईस्टरनंतरच्या रविवारी, तेच चेन्नईत झाले. एक मेंदुविकारतज्ज्ञ सर्जन कोविडने गेले. किलपॉकच्या ख्रिस्ती दफनभूमीत विरोधामुळे त्यांना पुरता आले नाही. दुसऱ्या दफनभूमीत नेले तर जमावाने अडवले, रुग्णवाहिकेवर दगड-काठ्या चालवल्या, चालक आणि कर्मचारी रक्तबंबाळ झाले. पत्नी आणि मुलाला तिथून निघून जावे लागले. शेवटी मध्यरात्री त्यांच्या एका डॉक्टर सहकाऱ्याने त्याच दुसऱ्या दफनभूमीत, कामगार नसल्याने स्वतः फावडे हातात घेऊन त्यांना पुरले. त्या रविवारी चर्चमध्ये शुभवर्तमान कोणते असते? बंद दाराआडच्या शिष्यांचे आणि जखमांना हात लावून पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या थोमाचे. आणि हे शहर थोमाच्या हौतात्म्याचे मानले जाते, त्याची कबर तिथे आहे.

पण गोष्ट इथे संपली नाही. त्या डॉक्टरांच्या पत्नीने मागणी लावून धरली की पतीची शेवटची इच्छा किलपॉकमध्ये आपल्या रीतीने दफन व्हावे अशी होती, तेव्हा देह काढून तिथे पुन्हा दफन करू द्यावा. पालिकेने नकार दिला. ती मद्रास उच्च न्यायालयात गेली. मार्च २०२१ मध्ये, पुढचा ईस्टर तोंडावर आलेला असताना, न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. राहून गेलेला अंत्यविधी पुरा करण्यासाठी एक बाई जवळजवळ वर्षभर धोंड लोटत होती. महामारीतल्या ईस्टरवर मी जेवढी प्रवचने ऐकली त्यांत पोपचे रिकाम्या चौकातले भाषण होते, बाल्कनीत गाणारे इटालियन होते, या बाईचा उल्लेख एकाही प्रवचनात नव्हता.

इटलीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बेर्गामो भागातल्या एका वयोवृद्ध धर्मगुरूने आपला व्हेंटिलेटर तरुण रुग्णाला देऊन मरण पत्करले, ही बातमी २०२० च्या मार्चमध्ये जगभर फिरली. आपल्याकडेही डोळे पुसत पुढे पाठवली गेली. तसे काही झाले नव्हते, हे त्यांच्या जवळच्यांनी काही दिवसांतच सांगितले. ते चांगले, लोकप्रिय धर्मगुरू होते आणि आजाराने गेले, एवढेच खरे. पण खुलासा कोणी पुढे पाठवला नाही. एप्रिलच्या मध्यापर्यंत इटलीत शंभराच्या वर धर्मगुरू गेले होते. त्यांतले अनेक जण आजाऱ्यांच्या उशाशी गेल्यामुळे. एवढे खरे मरण समोर असताना खोट्या चमत्काराची हौस का लागते, हे मला कळत नाही.

उत्तीर्ण झालो ती ठिकाणेही सांगायला हवीत, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती तक्रारवही होईल. केरळात आलप्पुळाचा किनारा सखल. चार-पाच फूट खणले की पाणी लागते. कोविडच्या नियमाप्रमाणे खोल खड्डा खणणे तिथे अशक्य. जुलै २०२० मध्ये तिथल्या लॅटिन कॅथलिक धर्मप्रांताने ठरवले की कोविड मृतांचे चर्चच्या आवारातच दहन करावे आणि अस्थी दफनभूमीत पुराव्यात. कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ पासून परवानगी दिलेली असली तरी आपल्याकडच्या साध्या भाविकाला ते पचणे कठीण. पुनरुत्थानाला देह लागतो, अशी घट्ट समजूत. तरीही तिथल्या लोकांनी ते स्वीकारले, कारण माणूस परका होऊन कुठेतरी नेला जाण्यापेक्षा आपल्या चर्चच्या अंगणात राख होऊन परतणे त्यांना बरे वाटले. पुढच्या वर्षी कुट्टनाडात पुराच्या पाण्याने वेढलेल्या एका हिंदू कुटुंबाला चितेसाठी कोरडी जागा मिळेना, तर तिथल्या चर्चने आपल्या दफनभूमीत जागा दिली. बंगळुरूत आणि केरळात ख्रिस्ती तरुणांचे गट किट चढवून धर्म न विचारता मृतदेह उचलत होते. ही मुले कॅमेऱ्यासमोर आली नाहीत असे नाही, आली. पण उन्हात त्या किटमध्ये तासभर उभे राहून दाखवावे कोणी.

हे सगळे नवे नाही, आणि मला धीर कशाने येत असेल तर याने येतो. इसवी सन २६० च्या आसपास अलेक्झांड्रियात महामारी चालू होती, आधी छळ, मग यादवी, मग रोग. तिथले बिशप डायोनिसियस यांनी ईस्टरनिमित्त पाठवलेले पत्र युसेबियस या जुन्या इतिहासकाराच्या चर्चच्या इतिहासात जपले गेले आहे. ते सुरुवातीलाच म्हणतात की लोकांना हा सणाचा काळ वाटणार नाही, जिकडेतिकडे रडणे आहे, एक मेला नाही असे घर नाही. एकच मेला असता तर बरे असे वाटावे. मग सांगतात की आम्हाला हाकलून लावले तेव्हाही आम्ही सण केला. शेत, वाळवंट, जहाज, धर्मशाळा, तुरुंग, जिथे जिथे यातना झाल्या ती जागा आमच्यासाठी सणाची जागा झाली. आणि या पत्राचा गाभा कशाचा आहे? भाऊबंदांनी आजाऱ्यांची सेवा केली, मेलेल्यांचे डोळे आणि तोंड स्वतः मिटले, देह खांद्यावर वाहिले, आंघोळ घालून वस्त्र गुंडाळले, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यासाठी तेच दुसऱ्या कोणीतरी केले. बाकीच्या शहराने आपली माणसे अर्धमेली असताना रस्त्यावर फेकली, हे मात्र ते जरा जास्तच तिखटमीठ लावून सांगतात. परधर्मीयांना नावे ठेवायची खोड चर्चला तेव्हापासून आहे. आज कोणी तसे लिहिले तर मी शिलाँगचे नाव घेईन.

देहाचा प्रश्न जसा श्रद्धेचा, तसा आकड्याचाही. २०२१ च्या ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत, म्हणजे चर्च ज्याला पुनरुत्थानकाळ म्हणते त्यात, दुसरी लाट शिगेला गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या इस्पितळात ऑक्सिजनची टाकी गळून किमान २२ रुग्ण दगावले. २३ एप्रिलच्या पहाटे आमच्या वसई तालुक्यात, विरारला, एका इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून किमान १३. मे महिन्यात गंगेतून प्रेते वाहत आली. आणि २० जुलैला राज्यसभेत सांगण्यात आले की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेली नाही. २०२१ अखेर देशातल्या कोविड मृतांचा सरकारी आकडा सुमारे ४ लाख ८१ हजार होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्या दोन वर्षांतले जादा मृत्यू सुमारे ४७ लाख असावेत असा अंदाज दिला. सरकारने तो पद्धतीवर आक्षेप घेऊन नाकारला. अंदाज कमीजास्त असेल, त्यावर तज्ज्ञांनी भांडावे. पण मधल्या फरकात जी माणसे हरवली आहेत त्यांच्याबद्दल चर्चने काही बोलू नये, हे राजकारण आहे, असे मला जेव्हा सांगितले जाते तेव्हा मी योहानाचे शुभवर्तमान पुढे करतो. बागेत उभी असलेली मग्दालीया मरीया येशूला ओळखत नाही, माळी समजते आणि त्याला विचारते, त्याचा देह कुठे ठेवलास ते सांग, मी घेऊन जाईन. तिला ओळख पटते ती तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा. हरवलेल्या देहाचा पत्ता विचारणाऱ्या बाईला ईस्टरची पहिली साक्षीदार करणाऱ्या धर्माने मृतांच्या नोंदीबद्दल गप्प राहायचे असेल, तर मग त्याने बोलायचे तरी कशावर?

आणि हे काम करण्यासाठी लागणारी वही चर्चपाशी आहे. चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक दफनानंतर मृतांच्या नोंदवहीत नाव लिहावेच लागते. वसईच्या, मुंबईच्या, गोव्याच्या, नगरच्या, केरळच्या प्रत्येक चर्चमध्ये २०२० आणि २०२१ ची ती पाने आहेत. २०१९ ची पाने शेजारी ठेवली की फरक कोणालाही मोजता येईल. ज्यांच्या दाखल्यावर कोविड लिहिले गेले नाही अशी किती कुटुंबे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या ५० हजार रुपयांच्या मदतीपासून दूर राहिली, हेही त्यांच्याच घरी जाऊन विचारता येईल. शेजारच्या कबरस्तानातल्या आणि स्मशानातल्या नोंदी त्याला जोडता येतील, कारण मरताना कोणी धर्मप्रांत पाहून मेले नव्हते. काहींना ते दिवस आठवायचे नसतील, त्यांना सोडून द्यावे. बाकीच्यांसाठी एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, चार तरुण आणि एक निवृत्त तलाठी मिळाला तरी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत ही यादी होते. सरकारी आकड्याशी ती जुळली तर उत्तम. नाही जुळली तर ईस्टरच्या सोमवारी सुट्टी नसते, तहसील कचेरी उघडी असते.